प्रभूची खुर्ची

ता. ३, सोमवार
पहिली कोण टपकली म्हणाल, तर मालकीणबाई! आमची खोकी सुटायची होती, मी बाह्या वर करून बश्या पुसतेय, आणि ही दारात हजर. मागे तिचा अबोल दीर. यांच्या बर्फाच्या कारखान्यात माझा लेक लागला, त्याबरोबर हे घर मिळालं. नळाला दिवसभर पाणी, बाई! नात तर पाळण्यात नुसती खिदळतेय. रविवारी तिचा बाप्तिस्मा. माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचलेली, पण आनंद झाला की लिहिल्यावाचून राहवत नाही.

हां, तर खुर्ची. आमच्या घरी जेवायच्या टेबलाशी एक खुर्ची जास्तीची असते, प्रभूची. तिच्यावर व्याही आला तरी बसवत नाही. बाईंनी विचारलं, ही कुणाची? लेकाने डोळे वटारले, इथे प्रार्थनावाले कामावर चालत नाहीत म्हणे. मी पटकन म्हटलं, कुणाची नाही हो, बसा की! दीर बसला. ते गेल्यावर बघते तर खुर्ची ओली. बर्फवालेच ते, चालायचंच.

ता. ४, मंगळवार
खुर्ची सुकेना. शेगडीपाशी ठेवली तरी हाडापर्यंत गार. सून म्हणाली, आई, तुमच्या हातांचं वय झालं. हसलो दोघी. पण जेवणाआधी प्रार्थना म्हणताना माझ्या तोंडातून वाफ निघाली. एवढ्या उकाड्यात.

ता. ६, गुरुवार
बाई आणि दीर परत आले. बाईंनी पाळण्यावर हात ठेवून गोड आवाजात विचारलं, तुम्ही ख्रिस्ताच्या का हो? नाही म्हटलं. लेकाच्या नोकरीसाठी— छे, भ्याले मी. दोघे गेले. दोघांनाही जाताना पाहिलं. मग खुर्चीत कोण बसलंय? ढकलते, हलत नाही.

ता. ७, शुक्रवार
चर्चच्या पाळकांना बोलवू म्हटलं, तर लेक हात जोडतो. प्रार्थनेचे शब्द आठवत नाहीत. प्रभूला तीनदा नाकारून पेत्र निदान रडला. मला रडूही येत नाही.
नातीचे पाय गार.

ता. ८, शनिवार
पाळणा खुर्चीला टेकलाय. मी सरकवला नाही. सुनेनेही नाही.
बाई खिडकीतूनच म्हणाल्या, एकच विचारायचं राहिलं, ही पोर कुणाची? तेवढं सांगा, मग त्रास नाही.
प्रभूची म्हणायचं. एवढंच. मघापासून म्हणून बघतेय. तोंडातून निघतं ते— कुणाची नाही हो, बसा—
परत येतो म्हणालेत. उद्या, रविवारी, बाप्तिस्म्याच्या आधी—