शेवटच्या पेपरची सकाळ

रत्नपालदादा,
सप्रेम जय भीम.

माय गेल्याचं तू मला एम.ए.चा शेवटचा पेपर संपल्यावर कळवलंस. "लेकीला मायचं तोंड दिसू दिलं न्हाई यानं," म्हणत मावशीनं तुझ्याशी बोलणं सोडलं.

दादा, मला सकाळीच कळलं होतं. माझ्या खोलीतल्या शीतलला आपल्या गावाहून, साखऱ्याहून फोन आला होता. "चल, मी येते संगं," ती म्हणाली. मी हॉलतिकीट घेतलं आणि पेपरला गेले. पुरवणीही मागून घेतली. पुन्हा एक वर्ष त्या होस्टेलवर काढायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मावशीला हे सांगायचं रोज ठरवते. काल तू पुन्हा माझी माफी मागितलीस. मी एवढंच म्हणाले, "असू दे, दादा."

तुझी,
विशाखा