हसऱ्या चेहऱ्याचे गुण

३ फेब्रुवारी
आजपासून वक्तृत्वाच्या वर्गात क्रांती! विद्यापीठाने एआयचं अ‍ॅप घेतलं. पोरं मोबाइलसमोर बोलणार, अ‍ॅप गुण देणार: वेग, नजर, हसरा चेहरा. मी फक्त देखरेख. इतकी वर्षं घसा फोडला, आता जरा बसेन. महिनाअखेरीस स्पर्धा. ढाल आपलीच.

४ फेब्रुवारी, सकाळी
आधी स्वतः बोलून पाहिलं. शंभरात बेचाळीस. माइकच भिकार.

९ फेब्रुवारी
मागच्या बाकावरची अबोल मुलगी आपणहून आली. गेल्या वर्षी वडील गेले, त्यांच्यावर बोलायचंय म्हणाली. बोलताना मध्येच आवाज दाटला, थांबली. वर्ग चिडीचूप. मी उठून खिडकी लावली, डोळ्यांत धूळ जात होती. अ‍ॅप म्हणतं, अडतीस. थांबली म्हणून वेगाचे गेले आणि हसऱ्या चेहऱ्याचे शून्य. सुधारणेला भरपूर वाव.

१३ फेब्रुवारी
मुलगी म्हणते, सर, या भाषणात हसायचं कसं? समजावलं, मन तुझं, पण चेहरा परीक्षकांचा. (वाक्य झकास. कधी पुस्तक लिहिलं तर त्यात घालावं.) बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, अहो, डोकं ठिकाणावर आहे का? तिला टेक्नॉलॉजीचं वावडंच.

२० फेब्रुवारी
एक्क्याण्णव! कुठेही न थांबता, हसतमुख. नंतर जिन्यात एकटी बसलेली दिसली. दमली असेल.

२६ फेब्रुवारी, दुपारी
स्पर्धा झाली. वडिलांचं शेवटचं दुखणं ती हसत हसत सांगत होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खं सभागृह. तरी ती थांबली नाही. शेवटपर्यंत हसत बोलली. पहिल्या रांगेत तिची आई मान खाली घालून बसलेली. माझ्या मोबाइलवर शहाण्णव. हल्ली श्रोत्यांना शिस्तच नाही. जेवण मात्र गेलं नाही.

२८ फेब्रुवारी
मुलगी वर्गाला नाही. फोन केला, आईने उचलला. म्हणाली, ती घरातही कुणाशी बोलत नाही. मी काय म्हणावं ते जुळवत होतो, तोवर फोन ठेवलेला. वाईट वाटलं. फार.

१ मार्च
बायकोने विचारलं, कसे होते हो तिचे वडील? काय सांगायची ती त्यांच्याबद्दल?
इतके दिवस ते भाषण ऐकत होतो. आठवेना. वेग आठवतो, नजर आठवते, रोजचे गुण आठवतात. अ‍ॅप उघडलं. रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं म्हणे, गुण तेवढे राहतात.
बायको वाट बघत उभी होती.
चांगले होते, म्हटलं.