घरी करणारं कोणी नाही

नाना, त्या दिवशी भरीत तुम्ही केलं होतं. अमळनेरच्या स्वयंपाकघरात तुम्ही लाकडी बडगीत भाजलेली वांगी ठेचताय, आई कांद्याची पात चिरतेय, आणि मीठ घालण्याआधीच वाटीभर भरीत तुम्ही बाजूला काढून ठेवता. माझं लग्न दीड महिन्यावर आलं आहे. मी म्हणते, "नाना, हे काय आजाऱ्याचं जेवण?" तुम्ही हसता. "सासरी बिनमिठाचं मिळालं तर रडत येशील, म्हणून खाऊन दाखवतोय." आई हसत नाही. ते मला आत्ता आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

आईच्या किडन्या निकामी झाल्याला आता दोन वर्षं होतील. आठवड्यातून दोनदा मी तिला धुळ्याला आणते, ती चार तास यंत्रावर पडून राहते आणि संध्याकाळी मी तिला परत अमळनेरला सोडते. माझं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर आहे, पण मुक्काम नाही. डबा तिचा, पाण्याची बाटलीही तिची. लेकीच्या घरचं घेऊ नये हा जुना रिवाज तिने असा धरून ठेवला, की मी त्यावर चिडायचंही सोडलं होतं. गेल्या महिन्यात तिच्या हातातली डायलिसिसची शीर बंद पडली. दुसरी तयार करण्यासारखी नाही. डॉक्टर म्हणाले, आता पोटाचं करू. पोटात बारीक नळी बसवायची, तिच्यातून पिशवीतलं औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं. दिवसातून चार वेळा, घरीच. हे केलं नाही तर फार दिवस हातात नाहीत. "घरी करणारं कोण आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी आहे. माझ्याकडेच राहील."

आई त्यांना म्हणाली, "चार टाइम पोटमा पानी भरानं? मी काय माठ शे?" डॉक्टर हसले, मीही हसले. बाहेर आल्यावर मात्र तिने माझा दंड धरला. "तुना बापनी माले शपथ घालेल शे. पोरना घर जानं नही. मराले बी नही."

मग तिने दवाखान्याच्या जिन्यात बसून सगळं सांगितलं. नाना, तुम्ही आम्हाला नाशिकला लग्नाच्या साड्या घ्यायला नेलं होतं. "ओळखीच्या डॉक्टरांना भेटून येऊ," म्हणालात. मी बाहेर बाकावर साड्यांचे खोके मांडीवर घेऊन बसले होते, आणि आत डॉक्टर तुमच्या निकामी होत चाललेल्या किडन्यांवर हाच उपाय सांगत होते. पोटाचं, घरी करायचं. आपल्याकडे नवीनच आलंय, पण घरात शिकलेलं, हात स्वच्छ ठेवणारं माणूस असेल तर जमेल. तुम्ही म्हणालात, घरी करणारं कोणी नाही. आई बोलायला गेली तर तुम्ही तिचा हात दाबलात. मुलाकडच्यांना कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून. लग्नानंतर सात महिन्यांत तुम्ही गेलात, त्याआधी आपलं दुखणं लेकीच्या दारात न्यायचं नाही अशी तिला शपथ घातलीत, आणि मला सांगण्यात आलं की हार्ट.

मी होते ना, नाना. दारापलीकडे बसले होते. सगळी भावकी नाक मुरडत असताना तुम्हीच मला जळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलंत. तिथे रोज सकाळी सिस्टर आमची नखं बघायची, हात वास घेऊन तपासायची. सुट्टीत मी घरी तसे हात धुतले की तुम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचात. आता डायलिसिसची नर्स मला मनगटापर्यंत साबण लावायला शिकवते आणि म्हणते, "तुम्हाला तर येतंच." येतंच. तेव्हाही येत होतं. तुम्ही मला वाचवलंत असं आई म्हणते. मला ते तसं वाटत नाही. तुम्ही मला साड्यांमध्ये गुंतवून घराबाहेर काढलंत, आणि जाताना तिलाही बांधून गेलात. एक मात्र कबूल करते. विचारलं असतंत तर मी लग्न थांबवलं असतं का, मला माहीत नाही. मी तेव्हा फार आनंदात होते.

शपथ मोडायला आई तयार नाही. तीन दिवस समजावलं, रडले, ओरडलेही. शेवटी मीच म्हटलं, तू येऊ नकोस, मी येते. मला कोणी शपथ घातलेली नाही. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जा. मला भात येतो, वरण यूट्यूब शिकवेल. रविवारी येईन, कपडे घेऊन." हे आईला सांगितलं. "तुनंच घर शे," एवढंच म्हणाली.

नर्स घर बघून गेली. धूळ नको, जळमट नको, दार लावून घेता येईल अशी खोली हवी. अशी एकच आहे, तुमची. उद्या ती रिकामी करतेय. हे पत्र कुठे पाठवणार, पण तुम्हाला न विचारता कुणाला काय देतेय ते निदान लिहून ठेवते. पुस्तकं शाळेच्या वाचनालयाला. लाकडी कपाट आत्याच्या सुनेला, ती केव्हाची मागतेय. लोकरीचा कोट शेजारच्या आबांना, त्यांच्या मापात बसेल. सायकल दूधवाल्याला. टेबल जागेवरच राहील, पिशव्या मांडायला. तुमचा फोटो तिथून काढून बाहेरच्या खोलीत, आई झोपते तिथे उशाशी लावते. त्या खोलीत हात धुऊन कामाला लागताना मला तुमच्याकडे बघायचं नाही, निदान सुरुवातीचे काही दिवस.