माळाची राखण

आबा,

काल फिरत्या दवाखान्याची गाडी घेऊन माळावर गेले होते. पवनचक्क्यांच्या कंपनीनं नवे राखणदार घेतलेत, त्यांची तपासणी माझ्याकडं होती. एकाचा रक्तदाब बघत होते, तर तो हळूच म्हणाला, "सिस्टर, तुमी त्यांची पोरगी ना?" तुमचं नाव घ्यायची त्याला गरज वाटली नाही. मी मान हलवली आणि त्याच्या दंडाचा पट्टा काढायचं विसरून तशीच उभी राहिले. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

पवनचक्क्या आल्या तेव्हा ज्यांच्या रानात खांब उभे राहिले त्यांना मोबदला मिळाला. आपल्याकडं घराखालची जागा सोडली तर जमीनच नव्हती. दिवाळी झाली की तुम्ही आणि आई ऊसतोडीला निघायचा, आणि मी शाळेतून गायब. मग कंपनीच्या पुण्याच्या मॅडम गावात आल्या. समाजमंदिरापुढं सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं, की पवनचक्क्यांच्या पायथ्याचा माळ हरणांसाठी राखायचाय; तिथं चराई नाही, आग लावणं नाही, आणि राखणीला गावातलाच माणूस पाहिजे. माणसं हसली. "गवताला राखण? गवत कोण चोरतंय व्हय?" तुम्ही पार मागं उभे होता. तिथूनच विचारलंत, "मॅडम, काम बारमाही हाय का?" त्या हो म्हणाल्या, आणि आपलं बिऱ्हाड एका जागी थांबलं.

खाकी शर्ट आणि शिट्टी मिळाली तो दिवस मला आजही समोर दिसतो. चुलीपुढं बसून तुम्ही शिट्टी वाजवून दाखवताय, आणि आई भाकरी थापता थापता इतकी हसतेय की भाकरी हातातच मोडते. त्या वर्षी मी पहिल्यांदा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकाच शाळेत बसले. पुढं परंड्याच्या हायस्कुलात जायला कंपनीनं मुलींना सायकली दिल्या. सुट्टीत मी तुमच्यासोबत माळावर यायची. काळवीट दिसला की तुम्ही माझा दंड धरून मला खाली बसवायचा आणि कुजबुजायचा, "हलू नको, त्याला वाटू दे आपन न्हाईच." तुमचा आवाज एवढा मऊ मी दुसरीकडं कुठं ऐकला नाही.

कामगारांच्या मुलांसाठी कंपनीची शिष्यवृत्ती होती. तिच्यावर मी धाराशिवला नर्सिंगला गेले. पहिल्याच वर्षी वॉर्डात माझ्यासमोर एक बाळंतीण गेली आणि मी मिळेल त्या एसटीनं घरी आले. परत जाणार नाही म्हणून रडत बसले. आई मला जवळ घेत होती. तुम्ही मात्र चिडला होता. "रडून घे," म्हणालात, "पन उद्याच्या पयल्या गाडीनं जायचं. माझी नोकरी हाय तवर तुझं कालिज हाय. म्या माळ सोडत न्हाय, तू कालिज सोडू नको." मला ती बापाची माया वाटली. मायाच होती. पण तिच्या पोटात एवढी धास्ती होती हे मला कसं कळावं?

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या रानात कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं आणि आग माळात शिरली. गावातली माणसं तुमच्या मदतीला धावली, सगळ्यांच्या हातात आग झोडपायला लिंबाच्या डहाळ्या. वारा फिरला तसे बाकीचे मागं सरले. तुम्हालाही त्यांनी हाका मारल्या. "आबा, जाऊ द्या, गवतच हाय!" तुम्ही वळून बघितलं आणि पुढंच गेलात, असं ते सांगतात.

मला कॉलेजातून दवाखान्यात बोलावून घेतलं. मी गणवेशातच होते. अंग किती भाजलंय याचा हिशेब कसा मांडायचा, हे आम्हाला शिकवलेलं. खाटेजवळ उभी राहून मी तो हिशेब मांडायला लागले आणि अर्ध्यातच सोडला. मॅडम खाटेच्या पायाशी उभ्या होत्या. तुम्ही मला ओळखलंत.

"माळ किती ऱ्हायला?"

"लई ऱ्हायला, आबा."

मग म्हणालात, "तुझं कालिज बंद न्हाय ना करणार ते?"

मॅडम पुढं आल्या. "नाही काका. कधीच नाही." त्या रडत होत्या. तुम्ही त्यांच्याकडं बघितलं. तुम्हाला खरं वाटलं की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. सोलापूरला हलवायचं चाललं होतं, तेवढंही तुम्ही थांबला नाहीत. आई तेव्हा गावाहून जीपमध्ये वाटेत होती.

नंतर व्हरांड्यात मी मॅडमना विचारलं, "माळ जळाला तर नोकरी जाईल, असं कुणी बोललं होतं का त्यांना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण जाणार नाही, असंही आम्ही कधी सांगितलं नाही."

कंपनीनं सगळं केलं, आबा. आईला रोपवाटिकेत काम दिलं. माझं शिक्षण पुरं केलं, पुढं या गाडीवर नोकरी दिली. मी किती दिवस रागवायला माणूस शोधत होते, सापडला नाही. त्या पावसाळ्यात माळ पुन्हा हिरवा झाला, हरणंही परत आली. गवत मुळातून येतं, जळालं तरी येतं. हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत होतं, आणि तरी तुम्ही आत गेलात. यापुढं मला विचार करता येत नाही.

आता शिष्यवृत्ती आई-बापाच्या नोकरीला बांधलेली नाही. मॅडमनी भांडून तो नियम बदलून घेतला. मी दर नव्या राखणदाराला समोर बसवून सांगते, की आग मोठी झाली तर पळायचं, माळ जळू द्यायचा, तुमच्या लेकरांची शाळा बंद होणार नाही. कालच्या माणसालाही सांगितलं. त्याची पोरगी आठवीत आहे. त्यानं सगळं ऐकून मान हलवली, "व्हय सिस्टर" म्हणाला. पण तो पळेल असं मला वाटत नाही.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. आईला वाचता येत नाही, पण ती शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घेईल. लिहून झालं की फाडून टाकीन. आई अजून अधूनमधून विचारते, "शेवटी काय बोलले गं?" मी सांगते, तुझंच नाव घेत होते. ती डोळ्याला पदर लावते आणि कामाला उठते. त्या दिवशी ती बरी जेवतेही.

आबा, तुम्ही तिचं नाव घेतलं नव्हतं.