सतरा नंबरचा उजवा कान

४ मार्च, मंगळवार
संपलं म्हणे! साहेबांनी सकाळीच सांगितलं — प्रयोग पूर्ण झाला, शेवटचे नमुने गेले, आता चारही ससे शुक्रवारी "निकाली काढायचे". जुन्या फायली असाव्यात तसं. मी मान डोलावली आणि पिंजरे धुवायला गेले. प्रयोगशाळेच्या प्राणीघरात बावीस वर्षं काढली, असे शुक्रवार पुष्कळ पाहिले. पण आज डबा तसाच परत आला. कारण सतरा नंबर.

सशांना नावं ठेवायची नाहीत हा आमचा नियम. कानाच्या आत नंबर गोंदलेला, तीच ओळख. मी नियम पाळला. पण नंबराला लाडानं हाक मारू नये असं कुठं लिहिलंय?

५ मार्च
घरी बोलले नसते तर बरं झालं असतं. लेक कडाडली. तिच्या मते शुक्रवारचं सोड, गेली तीन वर्षंच चुकलंय. मग मीही तापले. तुझ्या मावशीचा आजार कशामुळे वेळेवर कळला? अशाच एका चाचणीमुळे, आणि तिला लागणारं औषध सशाच्या रक्तातूनच काढतात. मावशी आज चालतीफिरती आहे, हे विसरायचं?

लेक हळूच म्हणाली, "पण आई, सतराला कुणी विचारलं होतं?"

"विचारायला कशाला हवं? मी टॉवेल घेऊन गेले की ती स्वतःहून उजवा कान पुढे करते."

खरंच करते! बाकीचे तिघे गुंडाळायचा टॉवेल दिसला की लाथा झाडतात. सतरा दाराशी येऊन बसते आणि कान पुढे. कानाच्या शिरेतून रक्त काढून झालं की सफरचंदाची एक फोड. नव्या माणसांना मी हे मुद्दाम दाखवायचे, कौतुकानं.

६ मार्च
धीर करून प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना गाठलं. प्रयोगातल्या प्राण्यांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीवर त्या आहेत. तर नियमात चक्क सोय आहे — प्राणी निरोगी असला आणि घर मिळत असलं तर देता येतो. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही! मीही नाही. फार लाज वाटली.

बाईंनी दर महिन्याचे तक्ते काढले. त्यात 'स्वभाव' असा रकाना असतो, तो मीच भरते. तिघांपुढे 'चावतो', 'लाथा मारतो'. सतरापुढे छत्तीस महिने एकच — 'सहकार्य करते'.

"हिची काळजी नको," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांचं बोलून बघते."

उद्या सकाळी समिती.

७ मार्च, शुक्रवार
चौघेही सुटले! सतरा माझ्याकडे, तिघे बाईंच्या मैत्रिणीच्या शेतावर. लाथा मारायच्या असतील तर तिथं जागा भरपूर आहे म्हणाल्या. साहेबांनी सही केली. वर म्हणाले की आधी बोलला असतात तर आधीच्यांचंही बघितलं असतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

८ मार्च
सतरा घरी. ह्यांचं म्हणणं, घरात चावणारी एक आहेच, ही निदान शांत आहे. पण ती कपाटाखाली बसून आहे. सकाळपासून तोंडाला काही लावलं नाही. ससा दिवसभर उपाशी राहिला की जिवावर बेततं. सोडवून आणलं ते यासाठी का?

९ मार्च
खाल्लं! गाजराचा पाला. दोन मुठी.

१५ मार्च
अंगणातल्या गवतावर सोडली. आधी दगडासारखी. मग अचानक हवेत उडी, तिथल्या तिथं गिरकी! लेक हसत सुटली. मी मात्र बघत राहिले. तीन वर्षं हिचं सगळं मी करते आणि हिला उडी मारता येते हे मला माहीत नव्हतं. पिंजऱ्यात तेवढी उंचीच नव्हती.

१७ मार्च
फरशी पुसायला जुना टॉवेल घेतला. सतरा धावत आली, समोर बसली आणि उजवा कान पुढे केला. लेक दारात उभी होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

आजपासून सफरचंद रोज, येता-जाता, कानाला हात न लावता.

५ एप्रिल
उजव्या कानाला खाज सुटलीय वाटतं. तपासावा म्हणून टॉवेल घेतला. तिच्यापुढे फोड आधीच ठेवलेली होती. खाली बसले आणि वेड्यासारखं मोठ्यानं विचारलं, "बघू का गं?"

सतरानं कान मागे घेतला. हात पुढे केला तशी सणसणीत लाथ! मनगटावर लांब ओरखडा उठलाय. मग माझ्याकडे पाठ करून तिनं फोड खाल्ली.

कान उद्या बाई बघतील. छत्तीस वेळा लिहिलेलं ते मात्र आता खोडता येणार नाही. म्हणून निदान इथं नीट लिहिते. फार हलकं वाटतंय.

स्वभाव — सहकार्य करत नाही.