केरानाचं क्रियापद

१९ नोव्हेंबर

कोमरात शहरातून एल्वीराबाई आल्या. आमच्या गागाउझ भाषेचा कोश करताहेत. ‘कशलामा’ म्हणजे काय, विचारलं. म्हटलं, मेंढरांनी गोठ्यात हिवाळा काढणं. कश म्हणजे हिवाळा — चौथीत शाळा सुटलेल्यालाही कळतं ते. बाई म्हणाल्या, धातू फार जुना, कळप हाकत आलेल्या पूर्वजांचा. इस्तंबूलला त्यावरूनच सैनिकांच्या बराकीला ‘कशला’ नाव पडलं.

मग माझ्या तोंडून निघून गेलं — माणसालाही कशलामा करतात. कुणी दुखावलेलं दारात आलं की शेगडीपाशी बसवायचं, खायला घालायचं, विचारायचं काही नाही. आपणहून बोलेपर्यंत. माझी बायको केराना असंच म्हणायची.

बाई खूश. पण असं म्हणणारं आणखी एक माणूस हवं, नाहीतर कोशात घेता येत नाही. पुढच्या शुक्रवारी फोन करणार.

२० नोव्हेंबर

शेजारच्या पान्तीला विचारलं. तो हसतच सुटला. “मित्री, बायकोनं तुला मेंढरासारखं कोंडलं असेल. त्यात भाषेला कशाला ओढतोस?” त्याची वाइन तशीच ठेवून उठलो.

२२ नोव्हेंबर

बसनं केरानाच्या माहेरी जाऊन आलो. तिची चुलतबहीण म्हणते, असं इथं कुणी बोलत नाही.

म्हणजे तिचं एकटीचंच? मग बाई खोडणार. चार वर्षं झाली तिला जाऊन. तिच्या बोलण्यातलं माझ्याजवळ दुसरं काय उरलंय?

२३ नोव्हेंबर

बर्फ. दिवसभर कुणी नाही.

२४ नोव्हेंबर

उरली लेक. फेन्या इस्तंबूलला कुणाची तरी आजारी म्हातारी सांभाळते. ईस्टरपासून फोन नाही. आजारी असेल? काम गेलं असेल? की माझंच काही बोलणं लागलं? आणि मी फोन करायचा तो एका शब्दासाठी!

केला. म्हटलं, आई कशलामा कशाला म्हणायची, आठवतं का गं? तिनं फोनच ठेवला.

नको होता करायला.

२६ नोव्हेंबर

पुन्हा लावला. लागत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दार वाजलं. फेन्या. एकच बॅग. डोळे सुजलेले.

शेगडीत द्राक्षाच्या काटक्या घातल्या. घेवड्याचं सूप गरम करून दिलं. ती हात शेकत बसली आहे. मी काही विचारलेलं नाही.

फोन वाजतोय. कोमरातचाच असणार. वाजू दे.