न वाजवलेली ओळ

शिरूर, ४ मे २००३

ती. शहजादीआपास,
अयुबचा सलाम. वि. वि.

इकडे सारे खुशाल. अल्फियाचं लग्न तेवीसला नक्की झालं. वरवंडचा मुजीब मला जावई म्हणून पसंत आहे. रांजणगावला कंपनीत आहे. परवा त्याने साहेबाने दिलेली इंग्रजी कॅसेट ऐकवली आणि मी उडालोच. लांब केसांचे गोरे, गिटार, ड्रम, पण चाल आपल्या बँडची! पस्तीस-छत्तीस वर्षं आपण नवरीच्या रुखसतीला वाजवतो तीच. अब्बा ती स्वतःची म्हणून सांगायचे, बिलंदर माणूस!

मुजीबने अर्थ सांगितला. नवरा मेलेल्या बायकोला हाका मारतो आणि शेवटच्या ओळीत ती आलेच म्हणते. ती ओळ अब्बांनी आपल्याला शिकवलीच नाही. मी एकट्याने क्लॅरिनेटवर बसवलीय. लेकीला चाल पुरी वाजवून पाठवणार. आठ दिवस आधी ये, नाहीतर बोलणार नाही.

तुझ्या दुव्यांवर हक्क सांगणारा,
अयुब

दौंड, ९ मे

चि. अयुबास,
अनेक दुवा.

ती ओळ वाजवू नकोस. अब्बांनी ही चाल इथल्या रेल्वे कॉलनीत, एका गार्डसाहेबाच्या खिडकीखाली उभं राहून रेकॉर्डवरून उचलली. पुरी एकदाच वाजवली, आपल्या तहमीनाआपाच्या रुखसतीला. तू चार वर्षांचा होतास. ती तापाने गेली असं तुला सांगितलं. खरं म्हणजे नवरीची जीप भीमेच्या पुलावरून खाली गेली. बाकी सगळे वाचले, ती सापडलीच नाही. तेव्हापासून अब्बा त्या ओळीपाशी क्लॅरिनेट खाली घ्यायचे.

अल्फियाची गाडीही त्याच पुलावरून जाणार आहे रे. माझे गुडघे मला येऊ देत नाहीत, पण माझं एवढं ऐक.

तुझ्या काळजीने अर्धी झालेली,
आपा

शिरूर, ३० मे

ती. आपास,
सलाम. वि. वि.

तुझा शब्द मोडला नाही. त्या ओळीपाशी मी हात वर केला, सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली. तरी भर दुपारी ती ओळ ऐकू आली, आपा. गाडीकडून कुणी बाई गुणगुणत होती. पाहुण्यांपैकी असेल म्हणून मी मनाला समजावलं.

काल अल्फिया माहेरी आली. सुखात आहे, पोटभर हसली. मग विचारलं, की गाडीत शेजारी बसून गाणं म्हणणाऱ्या बाई आपल्या कोण? थेट शहजादीफुफीसारख्या, पण तरुण. लाल ओढणी निथळत होती म्हणे. पूल येईपर्यंत त्यांनी हिचा हात सोडला नाही, पुलावर गाडी हळू झाली तशा उतरल्या. मुजीब म्हणतो, मागे अल्फिया एकटीच होती.

मी दूरचं नातं सांगून वेळ मारून नेली. अल्फियाने आणलेल्या लग्नाच्या ओढणीची एक बाजू अजून ओलीच आहे. मला भीती वाटते आणि रडूही येतं. तहमीनाआपाचा फोटो तुझ्याकडे असेल. पाठवू नकोस.

तुझी माया अशीच राहू दे,
अयुब